वाडीत राहतं कोण?

"वाडीत राहतं कोण?" वाडीसाठी अंगणवाडी मागायला गेले तेव्हा पर्यवेक्षिका मॅडमनी विचारलं, आणि मी मोठ्या रुबाबात वही पुढे केली. घराघरांत फिरून, पाळण्यातल्या मुलासकट सगळी लिहिली होती. माणसं २९४, सहा वर्षांच्या आतली मुलं ४१.

मॅडमनी दोन पानं उलटली आणि वरची तारीख बघितली. "ही वही मे महिन्यातली ना? आंबे-फणसांवर आलेली माणसं मोजलीस बाई तू. पाऊस लागू दे, शाळा उघडू देत, मग परत मोज."

२०१० सालची गोष्ट. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डोक्यावर इरलं आणि पिशवीत वही घेऊन मी पुन्हा तीच घरं फिरले. सात घरांना कुलपं. भरली माणसं १७१. मुलं १९.

आमची वाडी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर. पुढे समुद्र, मागे चिऱ्याचा सडा म्हणजे कातळाचं माळरान, एका बाजूला खाडीचं तोंड, आणि मुख्य गाव व आमच्यामध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा. उन्हाळ्यात त्या व्हाळात पोरं कुर्ल्या धरतात. जून लागला की साकवावरून पाणी जातं. अंगणवाडी होती ती व्हाळापलीकडे, म्हणजे आमच्या पोरांना जून ते सप्टेंबर अंगणवाडी नाहीच. वडीलमाणसं नेऊन सोडतील म्हणावं तर पुरुष बोटीवर नाहीतर मुंबईत, बायका शेतात. जून-जुलै मासेमारी बंद असते तेव्हा पुरुष घरी असतात, पण तेव्हाच लावणी.

मी तेव्हा लग्न होऊन आलेली, बारावी झालेली, बाकी काही हातात नसलेली सून. मला वाटलं, अर्ज करायचा, सरकार अंगणवाडी देतं. सरकार देतं हे खरं. पण देण्याआधी आकडा विचारतं, आणि तो आकडा बरोबर आहे याचा पुरावा विचारतं.

नियम तेव्हा मला तोंडपाठ झाले ते आजही आहेत. चारशे ते आठशे वस्तीला एक पूर्ण अंगणवाडी. दीडशे ते चारशेला तेव्हा मिनी, म्हणजे एकाच सेविकेची छोटी अंगणवाडी. शिवाय सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा आदेश आहे, की जिथे सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली तर तीन महिन्यांत द्यायची. मे महिन्यातल्या माझ्या वहीप्रमाणे आम्ही थेट या आदेशात बसत होतो, ४१ मुलं! जुलैमध्ये १९ वर आलो. दीडशेच्या वर जेमतेम एकवीस माणसं, तेवढ्यावर मिनीत बसलो.

जनगणनेचा आकडा कामी येत नाही, कारण जनगणना महसुली गाव मोजते, वाडी नाही. कागदावर आम्ही गावातच होतो आणि गावाला अंगणवाडी होतीच. मध्ये व्हाळ आहे हे जनगणनेच्या तक्त्यात कुठे लिहितात? ते ग्रामसभेच्या ठरावात लिहावं लागलं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडला. एकाने विचारलं, "एवढ्या पोरांसाठी वेगळी बाई कित्याक?" तर आमच्या शेजारच्या काकीने उठून सांगितलं, "तुझो नातू परवा साकवावर घसारलो, तो उद्या व्हाळात गेलो तर ग्रामसभा घेतलंस तरी कोणासाठी?" ठराव झाला.

हीच काकी मोजणीच्या वेळी मात्र ऐकत नव्हती. तिचा मुलगा विरारला, नातवंडं तिकडेच. "माझ्या नातवाचा नाव लिव गो. गणपतीक येतलो तो." मी म्हटलं, "काकी, दहा दिवसांसाठी येतलो." तर म्हणते, "मगे दहा दिवस तरी लिव." रेशनकार्डावर मुलाचं नाव होतंच. मतदारयादीतही होतं. सरकारच्या दोन कागदांवर तो वाडीत राहतो आणि तिसऱ्यावर राहत नाही, हे त्या म्हातारीला समजावणं माझ्याच्याने झालं नाही.

सर्वेक्षण, ठराव, नकाशावर वाडीचं अंतर, पलीकडच्या सेविकेचं पत्र. हे शेवटचं पत्र नाजूक होतं. आमची मुलं निघाली की तिची पटसंख्या घटणार. मुलं कमी झाली की वरून प्रश्न येतात. तिने दोन महिने घेतले, पण दिलं. नंतर एकदा म्हणाली, "पावसाळ्यातली गैरहजेरी तुमच्या पोरांचीच लागायची, तेवढी तरी सुटली."

दीड वर्षाने मंजुरी आली. २०१२ च्या जूनमध्ये आमच्याच घराच्या पडवीत मिनी अंगणवाडी सुरू झाली. सासऱ्यांनी पडवीतला जाळ्यांचा ढीग मांगरात हलवला. भिंतीला बरेच दिवस मासळीचा वास होता, मुलांना तो कधी आलाच नाही.

मिनी म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पूर्ण अंगणवाडीला सेविका आणि मदतनीस अशा दोघी. मिनीला एकटी सेविका. कामं मात्र तीच सहा: पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं), बायकांना आहार-आरोग्याचं शिक्षण. लोकांना यातली खिचडी तेवढी दिसते. रजिस्टरं अकरा. त्यात कुटुंब सर्वेक्षणाचं एक, आहार साठ्याचं एक, वाटपाचं एक, शाळापूर्व शिक्षणाचं, गरोदरपण-बाळंतपणाचं, लसीकरणाचं, जीवनसत्त्व अ चं, गृहभेटींचं, संदर्भ सेवेचं, सारांशाचं, वजनाचं. लेखणी खाली ठेवायची ती पोराचं नाक पुसायला.

आणि मुलांना घरून आणायचं कोणी? पाणी कोणी भरायचं? माझ्या दारापासून दोन घरं सोडून एक वयनी राहते. तिचा घो खलाशी, वर्षाचे दहा महिने बोटीवर. तिने पहिल्या दिवशी कळशी आणून ठेवली आणि पुढची अकरा वर्षं आणतच राहिली. तिच्या पाठीमागून पोरांची रांग यायची. एक कंबरेवर, एक बोटाला, बाकीची पदराला. तिला एक पैसा मिळत नव्हता. कधी दोन नारळ, कधी माझी जुनी साडी, एवढंच. तिचं नाव अकरापैकी एकाही रजिस्टरात नाही.

आहार शिजवायला बचत गट. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, वर्षातून ३०० दिवस, असा तेव्हा नियम होता. तेव्हाचा दर मुलामागे आठ रुपये. तीव्र कुपोषित मुलाला बारा. गटातल्या बाईने एकदा मला मसूर, तेल आणि गॅसचा हिशेब जमिनीवर खडूने मांडून दाखवला होता. शेवटी खडू ठेवून म्हणाली, "नारळ माझ्या परड्यातलो, तो धरूक नाय हां यात." आमच्या उसळीला चव होती ती त्या न धरलेल्या नारळाची.

२०२१ च्या मार्चमध्ये पोषण ट्रॅकर हे नोंदींचं अॅप आलं आणि मे महिन्यात तौक्ते वादळ. वादळाने पडवीवरची निम्मी कौलं नेली, म्हणजे एकाच वर्षी रजिस्टरं मोबाइलमध्ये गेली आणि उरलेली कागदाची भिजली. अॅपला रेंज लागते. रेंज आमच्याकडे रवळनाथाच्या देवळाच्या पायरीवर मिळते, तीही वरच्या. संध्याकाळी देवळात मी बसलेली बघून मुंबईहून आलेला एक पाहुणा सासूबाईंना म्हणाला, तुमची सून भारी देवभोळी!

आता मुख्य गोष्टीकडे येते. मिनीची पूर्ण अंगणवाडी कशी झाली, हे बऱ्याच जणी मला विचारतात.

केंद्राने २०२२ मध्ये 'सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०' च्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मिनी अंगणवाड्या पूर्ण करायचं ठरलं. राज्यात अशा तेरा हजारांवर होत्या. आमच्या दृष्टीने याचा अर्थ साधा होता. मिनी सेविकेला तेव्हा ७,२०० रुपये मानधन होतं, तेही २०२३ च्या वाढीनंतर, त्याआधी ५,९७५. पूर्ण सेविकेला १०,०००. काम तेच, शिवाय एकटीने. म्हणून ४ डिसेंबर २०२३ पासून ५२ दिवसांचा संप झाला तेव्हा आमच्या तालुक्यातून मिनीवाल्या बायका सगळ्यात पुढे बसल्या होत्या. मीही होते. जानेवारीच्या शेवटी परत रुजू झाले तर वयनीने पडवी सारवून ठेवलेली.

त्यानंतर आमची फाइल हलली. पूर्ण अंगणवाडीला दोन गोष्टी नव्याने लागतात, मदतनीस आणि जागा. दोन्ही आपल्याकडे आहेत असं मी धरून चालले होते.

मदतनीस म्हणून माझ्या डोळ्यांसमोर वयनीच. पण २०२३ च्या शासन निर्णयाने मदतनिसालाही बारावी उत्तीर्णची अट केली. वय १८ ते ३५, विधवा असेल तर चाळीसपर्यंत. हयात मुलं दोनपेक्षा जास्त नकोत. राहणारी त्याच गावची हवी. वयनी आठवी शिकलेली, वय त्रेचाळीस, मुलं तीन. म्हणजे राहणारी इथली, ही एक अट सोडली तर ती कशातच बसत नव्हती. मी प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारलं, अकरा वर्षांच्या कामाचं काही धरता येईल का? तिथल्या बाबूने विचारलं, "ऑर्डर आहे का?" ऑर्डर कसली असणार, कळशीची?

वयनीला सांगायला मी दोन दिवस लावले. तिने मासळी साफ करता करता ऐकलं. "आठवीपर्यंतच शिकलंय मी. पोरांका हाताक धरून आणूक बारावी कित्याक होयी गो? पाणी आणी होतंय तेव्हा कोणी इयत्ता इचारूक नाय." माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. एवढं मात्र म्हणेन की नियमामागची बाजू मला नंतर दिसली. मदतनीस रजेवरच्या सेविकेची जागा घेते, पुढे सेविका होऊ शकते, तिला वजन-उंचीचा तक्ता वाचता यायला हवा. तीन वर्षांच्या मुलाला शिकवणं हे काम आहे असं मानायचं तर शिक्षणाची अट येणारच. पण मग ज्यांनी ते काम आधीच केलं त्यांच्यासाठी एखादी फट तरी ठेवायला हवी होती.

जाहिरात ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली. वाडीत बारावी झालेल्या मुली चार. दोघी लग्न होऊन गेल्या, एक रत्नागिरीला नर्सिंगला, एकीचं लग्न ठरलेलं. सुना बघाव्या तर वाडीत तरुण जोडपीच मोजकी, बाकीची विरार-डोंबिवलीला. शेवटी अर्ज आले तीन आणि तिन्ही व्हाळापलीकडचे. महसुली गाव एकच असल्याने त्या स्थानिकच ठरतात. ज्या कागदावर आम्हाला अंगणवाडी नाकारली जात होती, त्याच कागदावर आता मदतनीस मिळत होती.

यादी गुणांवर लागते. बारावीचे गुण, विधवा किंवा अनाथ असेल तर वाढीव. पहिली आली ती पंचवीस वर्षांची सून, माहेर कुडाळकडचं. आणि तिथे दुसरं नाटक सुरू झालं. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, रेशनकार्डावर नाव अजून चढलेलंच नाही, कारण नवरा कार्डावर बापाच्या नावाखाली. जिला पुढे हे करायचंय तिने हे आधी करून ठेवावं: विवाह नोंदणी प्रमाणपत्र, रहिवासी दाखला, आणि माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला. हा तिसरा कागद नसेल तर सासरच्या कार्डावर नाव चढत नाही. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र वेगळं. तिच्या लग्नाची नोंदणीच झालेली नव्हती. लग्नपत्रिका, भटजींचा जबाब आणि तीन साक्षीदार घेऊन ती झाली. साक्षीदारांत एक मी. लग्नाला मी गेलेही नव्हते असं आधी वाटलं, मग आठवलं, गेले होते, पंगतीला वाढलंही होतं.

जागेचं प्रकरण याहून मोठं.

अंगणवाडीच्या इमारतीला साधारण ६०० चौरस फूट लागतात. मुलांची खोली, स्वयंपाकघर, कोठी, मुलांच्या मापाचं शौचालय, पाणी आणि पुढे मोकळी जागा. रोजगार हमी, वित्त आयोग आणि महिला बालविकास यांचे पैसे एकत्र करून बारा लाखांची इमारत बांधायची तरतूद तेव्हा होती. पैशाचं कोणी अडवत नव्हतं. जागा ग्रामपंचायतीच्या नावावर बक्षीसपत्राने करून द्या, एवढंच म्हणणं. एक गुंठा पुरे.

कोकणात एक गुंठा! सासऱ्यांनी माडाखालचा तुकडा दाखवला. तलाठ्याकडून सातबारा काढला तर त्यावर सत्तावीस नावं. त्यातले नऊ वारलेले, वारस नोंदी नाहीत. बाकीचे मुंबई, डोंबिवली, विरार, एक पुण्यात. वाडीत राहणारे खातेदार तीन. वहिवाट सासऱ्यांची साठ वर्षांची, पण सही सत्तावीस जणांची. शिवाय तुकडा भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत. तिथे बांधकामाला किनारा नियमन क्षेत्राचे नियम. स्थानिक लोकांसाठी शाळा-दवाखाना अशा सोयींना परवानगी मिळू शकते, पण ती फाइल तालुक्यात सुटत नाही. अभियंत्याने जागा बघितली, पायाने वाळू उकरली आणि म्हणाला, "वर सरका."

वरचा, सड्याच्या कुशीतला तुकडा मिळाला. तिथे नावं सोळा. आम्ही गणपतीची वाट बघायची ठरवलं, कारण सोळाच्या सोळा जण एका ठिकाणी यायचे तर गणपतीतच. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या घराच्या खळ्यात सगळे बसले. (आमच्याकडे अंगणाला खळं म्हणतात. अंगणवाडीला काही म्हाताऱ्या अजून 'खळ्यातली शाळा' म्हणतात, आणि ते काही चुकीचं नाही. हे नाव याच किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जन्मलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. सरकारची योजना आली ती पुढे तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मला गंमत वाटली. त्यांना अंगण लागलं, आम्हाला अंगणाचा सातबारा.)

चहा झाला, मोदक झाले. पंधरा जण तयार. सोळावा चुलत दीर, विरारचा. भांडला वगैरे नाही. हातातला कागद तीनदा वाचला आणि मला म्हणाला, "वयनी, अंगणवाडी होऊक होयी, माका मान्य. पण ह्यो गुंठो गेलो की माझ्या वाट्याक काय उरता ता सांग. मी रिटायर होऊन येतलंय हय." आम्ही म्हटलं, तुझ्या वाट्यातून धरत नाही, आमच्यातून धरा. तर वाटे पडलेलेच नाहीत, मग कोणाच्यातून कसं धरणार? बोलणं तिथून आजोबांच्या काळात गेलं आणि परत आलंच नाही. अनंत चतुर्दशीच्या आधी सगळे गाडीत बसले. माझा राग त्याच्यावर तेव्हा होता, आता नाही. तिकडे दहा बाय बाराच्या खोलीत माणूस कशाच्या भरवशावर राहतो, हे मी त्याच्याकडे चार दिवस राहून आल्यावर कळलं.

सुटका झाली ती भलतीकडून. आमच्या वाडीची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत आहे, दोन खोल्यांची. मुलं तेव्हा सात. एक खोली मोडक्या बाकांनी भरलेली. गुरुजी स्वतःच घरी आले. "बाई, तुमची पोरं माझ्या बाजूच्या खोलीत आली तर पुढच्या वर्षी ती पहिलीत माझ्याकडेच येतील. नाहीतर व्हॅन येईल आणि घेऊन जाईल." तालुक्याच्या इंग्रजी शाळेची व्हॅन साकवापलीकडे थांबते हे मलाही दिसत होतं. पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, पण नर्सरीवाले तीनचं पोर उचलतात.

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र, शिक्षण विभागाची ना-हरकत. तीन महिने. सातबाऱ्यापुढे हे काहीच नाही. तपासणीला आलेल्या मॅडमनी शौचालय बघून मान हलवली. भांडं मोठ्या मुलांच्या मापाचं, माझी तिळाएवढी पोरं त्यात पडायची. ग्रामपंचायतीला उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करावे लागतात. त्यातून लहान भांडं, हात धुवायला दोन फूट उंचीवर नळ आणि गॅसची शेगडी झाली. ग्रामसेवकाने आधी निधी संपल्याचं सांगितलं होतं. मी मासिक सभेत खर्चाचं पान मागितलं. त्यात हळदीकुंकवाच्या वाणाचे पैसे होते. मी काही बोलले नाही, पान नुसतं मोठ्याने वाचलं.

मग प्रशिक्षण झालं. राज्याचा 'आकार' अभ्यासक्रम मी आधीपासून शिकवत होते, आता केंद्राचा 'आधारशिला' अभ्यासक्रम आणि 'पोषण भी पढाई भी' हे प्रशिक्षण. सार सांगायचं तर अक्षरं गिरवून घेऊ नका, खेळू द्या, बोलू द्या, वर्गीकरण करू द्या. मला ते पटतं. आमच्या पोरांना वर्गीकरण शिकवावं लागत नाही, चार वर्षांचं पोर मासळीतले पेडवे आणि तारली वेगळी करतं. पण आया येऊन विचारतात, "एबीसीडी कधी सुरू करतलास?" व्हॅनमधली मुलं घरी येऊन 'ट्विंकल ट्विंकल' म्हणतात आणि माझी मुलं 'आज मी सात शिंपले आणले' असं पूर्ण वाक्य बोलतात. आयांना पहिलं ऐकू येतं. मी आता शिंपल्यांच्या वाक्याचा व्हिडिओ काढून त्यांच्या ग्रुपवर टाकते. थोडा फरक पडलाय, फार नाही.

२०२४ मध्ये आमच्या पाटीवरचा 'मिनी' शब्द गेला. त्याच वर्षी मानधनही वाढलं, सेविकेला १३,००० आणि कामगिरीवर आणखी दोन हजारांपर्यंत, मदतनिसाला साडेसात हजार. नवी मदतनीस पहिल्या सकाळी आली तेव्हा पोरं तिच्याकडे जाईनात. वयनी दारातून बघत होती. शेवटी तीच आत आली, सगळ्यात हट्टी पोराला उचललं, नव्या मुलीच्या कंबरेवर बसवलं आणि म्हणाली, "असा धर. डाव्या बाजूक. उजवो हात मोकळो रवाक होयो." आणि गेली. कळशी अजून तीच आणते कधी कधी. शाळेत नळ आहे हे तिला माहीत आहे.

२०२५ च्या जुलैपासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा ओळखण्याचा नियम आला. पाकीट घेणाऱ्या आईचा फोटो, आधार जोडलेलं, मोबाइलवर आलेला ओटीपी. नियम कशासाठी ते कळतं, पाकिटं भलतीकडे जाऊ नयेत. पण आमच्या बायकांचं आधार जोडलेलं असतं नवऱ्याच्या नंबराला आणि नवरा असतो समुद्रात. जुलैमध्ये बंदी असल्याने ते घरी होते म्हणून निभावलं. ऑगस्टात बोटी गेल्या आणि ओटीपी त्यांच्या खिशात वाजायला लागले, पंचवीस वाव पाण्यावर. एक बाई मला म्हणाली, "बाई, तो भायर सुरमई ओढता हा, त्येका आकडो सांगूक सांगू?" आम्ही दोघी तालुक्याला जाऊन नंबर बदलून आलो. अशा अकरा बायका नेल्या, टमटम करून, शनिवारी.

आता या वर्षीचं सर्वेक्षण चालू आहे. मी जुलैमध्येच मोजते. माणसं १४८. दीडशेच्या खाली गेलो की काय होतं ते मला कोणी विचारू नये. मुलं तेरा. काकीचा तो नातू, ज्याचं नाव लिही म्हणून ती मागे लागायची, त्याची बहीण बाळंतपणाला आजीकडे आली आहे, सातवा महिना. पहिलं बाळंतपण म्हणजे आईकडे, पण आई विरारला कामावर, म्हणून आजीकडे. ट्रॅकरवर तिचं नाव विरारच्या अंगणवाडीत आहे. नाव इकडे आल्याशिवाय मला तिला आहार देता येत नाही. काकी रोज दारात उभी. "आता तरी लिवशीत मा?"

म्हणून देवळाच्या वरच्या पायरीवर बसून विरारच्या सेविकेला फोन लावला. तिला आपली कुठली मुलगी गेलीय ते आधी आठवेचना. मग आठवलं. तिच्याकडेही मागे रिक्षा, कुकर आणि पोरांचा गलका. म्हणाली, "पाठवते नाव, आजच करते. पण ताई, दिवाळीनंतर बाळासकट परत पाठवा हं. माझ्याकडेही मुलं कमी पडतायत."